इनासकाकांचं बिनभिंतींचं गॅरेज

इनासकाकांच्या गॅरेजला भिंती नव्हत्या, पण दार होतं, आणि आत यायचं ते त्या दारातूनच.

जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा. चोवीस फूट लांब, सोळा फूट रुंद. रस्त्याच्या बाजूला रेघेत दहा फुटांची मोकळी जागा, ते शटर. पूर्वेला तीन फुटांची, ते दार. वर आभाळ आणि तिन्ही बाजूंना केळी. मी पहिल्यांदा तिथे गेलो तो बंद पडलेली स्कूटर ढकलत, आणि सरळ रेघ ओलांडून आत शिरलो. केळींच्या आडून आवाज आला, "थांब! भिंत पाडलीस ना माझी!"

मी दचकून खाली बघितलं. चाकाखाली फक्की विस्कटली होती. बनियन आणि खाकी अर्धी चड्डी घातलेले एक ठेंगणे गृहस्थ हातात पान्हा घेऊन बाहेर आले आणि रेघेच्या आत, माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले.

"मागे घे. गाडी शटरमधून आण, आणि तू दारातून ये. शटर गाड्यांसाठी असतं."

गिरीजच्या त्या रस्त्यावर दुसरा मेकॅनिक नव्हता. मी स्कूटर मागे घेतली, शटरमधून आत आणली, स्टँडवर लावली, परत बाहेर गेलो आणि वळसा घालून तीन फुटांच्या त्या हवेतून आत आलो. तेव्हा कुठे ते म्हणाले, "हां, आता बोल. काय झालं?"

"थोडी गरम झाली आणि मग—"

"थोडी म्हणजे किती? मापात बोल."

हे त्यांचं पालुपद. मोनीकाकू म्हणाल्या, "कालवणात जरा मीठ कमी आहे," की हे म्हणणार, "जरा म्हणजे किती चिमटी? मापात बोल." चर्चमध्ये फादरांचं प्रवचन लांबलं, तर बाहेर आल्यावर त्यांना घड्याळ दाखवून सांगणार, "फादर, आज एकवीस मिनिटं. गेल्या रविवारी चौदा होती." फादर हसायचे. काकू मात्र घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलायच्या नाहीत. नवराबायको आपसात त्यांच्या गावच्या बोलीत भांडायचे, ती मला अर्धीच कळायची. मी दिसलो की दोघंही शाळेच्या मराठीवर यायचे आणि भांडण पुढे चालू ठेवायचे.

काका बस डेपोत एकतीस वर्षं फिटर होते. डेपोत पिट, म्हणजे गाडीखाली उभं राहायचे खड्डे, दोनच आणि बसगाड्या साठ, त्यामुळे काकांच्या वाट्याला कायम गोणपाट यायचं. ते अंथरायचं, बसखाली आडवं व्हायचं आणि डोळ्यांत तेल पडू न देता वर बघायचं. "एकतीस वर्षं बसखाली झोपला हा माणूस," काकू म्हणायच्या, "माझ्या शेजारी त्याच्या निम्मासुद्धा नाही." निवृत्त झाल्यावर काकांना एकच गोष्ट हवी होती. वाडीच्या पुढच्या तुकड्यात स्वतःचं गॅरेज, आणि त्यात स्वतःचा पिट. गाडीचं पोट एकदा तरी उभं राहून बघायचं.

गाडी मात्र त्यांच्याकडे नव्हती. सायकल होती, तिलाही पुढचा ब्रेक नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गाड्या रस्त्यावर आहेतच की. जागा नाही, ती करतोय."

आणि ती जागा ते फक्कीच्या रेघांत जगत होते. रेघेच्या आत काम करताना हत्यारं जमिनीवर पसरायची नाहीत, तर ती टांगायचा फळा जिथे लागणार त्या भिंतीखाली ओळीने मांडायची. "आत्तापासून सवय पाहिजे. नंतर हात चुकतो." पिटच्या जागेवर कोणी पाय ठेवला की ओरडायचे, "पडशील!" काकूंनी एकदा तिथे सुके बोंबील वाळत घातले, तर काकांनी सगळे उचलून शटरबाहेर नेऊन ठेवले. कोंबड्यांना तेवढी भिंतीतून यायची मुभा होती. घरं आशीर्वादित करायला फादर आले, तेव्हा काकांनी गॅरेजवरही पवित्र पाणी शिंपडायला लावलं. फादर झगा सावरत दारातून आत आले, चारी कोपऱ्यांत पाणी शिंपडून दारातूनच बाहेर गेले. गल्लीतली माणसं हसत उभी होती. काका गंभीर होते.

मी नकाशे काढतो. वसईत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून बसलो. स्कूटर सुरू झाली, मी पैसे काढले, तर म्हणाले, "पैसे नको. नकाशा काढून दे. माझ्या रेघा पावसाळ्यात वाहून जातात."

मग दर रविवारी, त्यांची चर्चमधली मिस्सा आटोपली की मी तिथे. उत्तरेची खिडकी, कारण त्या उजेडात सावली पडत नाही. फरशीला शटरकडे दोन इंच उतार, म्हणजे सांडलेलं तेल उभ्या माणसाच्या पायाखाली राहणार नाही. फळ्यावर प्रत्येक पान्ह्याची रंगवलेली आकृती, म्हणजे कोणता परत आला नाही ते लांबूनच दिसेल. पिट साडेचार फूट. "गिरीजला चार फूट खणलं की पाणी लागतं काका," मी म्हटलं. काकू दारातून म्हणाल्या, "लागू दे, मासे सोडू. निदान त्या खड्ड्याचं काहीतरी खायला मिळेल." काकांनी त्यावरही तोडगा काढला होता, जाड काँक्रीटची टाकी आणि तळाला पंप. कामाचे ओटे दोन. त्यांचा चौतीस इंच उंच. दुसऱ्यासाठी त्यांनी मला ताठ उभं केलं, हात सैल सोडायला लावला, कोपर वाकवलं, टेप लावली आणि वहीत लिहिलं, 'मदतनीस, अडतीस'.

"मदतनीस कोण?" मी विचारलं.

"मिळेल कोणी. उंच माणूस मिळाला तर आधी तयारी नको?"

माझी उंची सहा फूट आहे. तेव्हा मला वाटलं, नमुन्याला म्हणून माझं माप घेतलं.

इथपर्यंत मी हे कोणालाही हसत सांगतो. ऑफिसात सांगितलं आहे, लग्नाच्या पंगतीत सांगितलं आहे. यापुढचं आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्या पावसाळ्यानंतर ऑफिसात एका दुसऱ्या कामासाठी गिरीजच्या आराखड्याची शीट माझ्या टेबलावर आली. नव्या रस्त्याची लाल पट्टी होती. मी सहज काकांची वाडी शोधली. पट्टी त्यांच्या पुढच्या तुकड्यावरून जात होती. घर वाचत होतं, विहीर वाचत होती. गॅरेज अख्खं जात होतं, दोन्ही ओट्यांसकट. खाली बारीक अक्षरांत हरकती घेण्याची मुदत लिहिली होती. अजून सहा आठवडे होते.

रविवारी मी सांगायचंच ठरवून गेलो. काकांनी नवी फक्की टाकली होती, रेघा अगदी धारदार. ते पिटच्या कडेला बसून पायऱ्या कुठून उतरायच्या ते बोटाने दाखवत होते. माझ्या तोंडून निघालं, "काका, खिडकी जरा पश्चिमेला घेऊ या का?"

का म्हणालो ते मलाही सांगता येणार नाही. वाईट बातमी आपल्या हातून जाऊ नये, एवढीच माझी लायकी त्या दिवशी होती. पुढच्या रविवारी मी खिडकी पूर्वेला नेली, वारा येईल म्हणून. त्यानंतर परत पश्चिमेला, अर्धा फूट वर. दर वेळी नवा कागद, दर वेळी काका मान डोलवायचे. मुदत संपली तो दिवस मला ऑफिसातल्या कॅलेंडरवर दिसत होता. मी त्या दिवशी गच्चीच्या टाकीचा नकाशा काढत बसलो होतो.

त्यानंतरच्या रविवारीही खिडकी हलवली. त्याच्या पुढच्या रविवारी काकांनी पहिल्यांदाच विचारलं, "शेवटचा नकाशा कधी देतोस?"

"देतो काका. थोड्या दिवसांत."

मी वाट बघितली. ते 'मापात बोल' म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. चहा घेऊन जा."

त्या चहानंतर मी जायचा बंद झालो. स्कूटर वटारच्या बाजूने नेऊ लागलो, वळसा पडत होता तरी. आठ महिने. बायको विचारायची, तुमचे गॅरेजवाले काका कसे आहेत? मी म्हणायचो, बरे आहेत. बरे आहेत की नाहीत, हे मला माहीतही नव्हतं.

मोजणी होऊन दगड रोवले गेल्याचं ऑफिसात कळलं, तेव्हा गेलो. काका दुपारचे झोपले होते. काकू घराच्या ओट्यावर वाल सोलत होत्या. समोर मोजणीचे दगड होते, आणि दगडांच्या मधून फक्कीच्या ताज्या रेघा.

"अजून टाकतात?" मी विचारलं.

"गुडघे कुठे वाकतात त्याचे आता? मी टाकते. शनिवारी संध्याकाळी. रेघ वाकडी गेली की आत बसून ओरडतो."

"काकू, तो रस्ता..."

"आम्हाला माहीत होतं." त्यांनी वालाचं साल बाजूला टाकलं. "तू खिडकी शेवटची हलवलीस ना, त्या दिवशीच मला म्हणाला, हा पोरगा खिडकीसाठी खिडकी हलवत नाही. सोमवारी कचेरीत जाऊन शीट बघून आला. तिथला माणूस म्हणाला, हरकतीची मुदत गेल्या आठवड्यात संपली, इतके दिवस कुठे होता?"

मी उभाच होतो. त्यांनी बस म्हटलं नाही.

"मी पेटले होते. म्हटलं, त्याला बोलावून विचार. त्याला कागद वाचता येतो, त्याला ठाऊक होतं, मग गप्प का बसला? तर हा म्हणतो, मोने, विचारलं तर तो यायचा बंद होईल." सुपातले वाल त्यांनी एकदा हलवले. "मी म्हटलं, गॅरेज गेलं, आता ह्या पांढऱ्या रेघा कशाला? म्हणाला, रेघा पुसल्या तर त्याला कळेल, मला कळलंय. असू दे त्या. रविवारी माणूस येतो." मग त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. "तू तरीही बंद झालास."

काका उठायच्या आत मी निघून आलो. एवढं ऐकूनही.

माझ्या अपराधाला माप लावायचं झालं तर काका सहा आठवडे म्हणणार नाहीत, हे आता मला कळतं. हरकत घेऊन रस्ता हलला असता की नाही, देव जाणे. त्यांच्या वहीत आठ महिन्यांचे रविवार मांडले असतील, तेही फक्त मी आलो नाही तेवढेच.

नकाशा मी नंतर पूर्ण केला. ऑफिस सुटल्यावर बसून, प्लॅन, सेक्शन, चारही बाजूंची एलेव्हेशन्स. पिटचा पंप काढला, फळ्यावरचा प्रत्येक पान्हा काढला. तोवर रस्ता झाला होता. हिंमत करून एका रविवारी गेलो. काळा कुळकुळीत डांबरी रस्ता, आणि आत सरकलेल्या कुंपणापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत काका. बनियन तेच. मी समोरून सरळ रस्ता ओलांडू लागलो.

"भिंतीतून नको!"

मी रस्त्याच्या मधोमध थांबलो. एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मागे झालो, पूर्वेला पंधरा पावलं चाललो, दाराची जागा अंदाजाने धरली आणि तिथून आत आलो.

"अजून फूटभर पुढे होतं," काका म्हणाले. "असू दे. बस."

एक ट्रक आला. काकांनी कान टवकारले. "फॅनबेल्ट सैल आहे. बघ, आत्ता पिटवरून गेला. मागचं चाक माझ्या ओट्यावर." मग जरा थांबून म्हणाले, "काल अकरा ते बारात एकशे चौदा गाड्या आल्या गॅरेजात. शटर बंद करायला सवड नाही."

आतून काकू म्हणाल्या, "आणि एकीचंही काम धड केलं नाही!"

मी नकाशाची गुंडाळी त्यांच्या मांडीवर ठेवली. काय बोलायचं ते घरून पाठ करून आलो होतो. "काका, मला माहीत होतं. मी सांगायला हवं होतं. मुदत होती तोवर—"

ते नकाशा उलगडत होते. चष्मा वर सारून त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. बोट चारही भिंतींवरून हळूहळू फिरवलं.

"खिडकी कुठे घेतलीस शेवटी?"

"उत्तरेला. तुम्ही सांगितली होती तिथेच."

"मग एवढी फिरवलीस कशाला?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग बोट ओट्यांवर आलं. "मदतनीसाचा अडतीसच ठेवलास?"

"अडतीसच."

"हां." त्यांनी टेप काढून कागदावर ठेवली, माप पडताळलं आणि नकाशा गुंडाळून काखेत धरला. काकूंनी चहा आणला. माझा कप त्यांनी माझ्या हातात दिला नाही, कुंपणाच्या खांबावर ठेवला. त्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

निघताना म्हटलं, "येतो काका. परत येईन लवकर."

काका एका रिक्षाच्या इंजिनाकडे कान लावून बसले होते. ती पुढे जाईपर्यंत थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लवकर म्हणजे किती? मापात बोल."

"रविवारी. साडेनऊला."

त्यांनी खिशातली वही काढली आणि लिहून घेतलं.