सामायिक यजमान की आभासी सेवक

कोणतीही वस्तू घरात आणण्याआधी ती ठेवायची कुठे हे ठरवावं लागतं, आणि हे ठरवण्यात मनुष्यजातीचा जितका वेळ गेला आहे तितका ती वस्तू वापरण्यात गेलेला नाही. कपाटाचं असं झालं, फ्रीजचं असं झालं, काही घरांत सासूबाईंचंही असं झालं. मग वेबसाइटनेच काय घोडं मारलंय?

हौशी आकाशदर्शन मंडळाची वेबसाइट तीन पानांची होती. एका पानावर गच्चीचा पत्ता, दुसऱ्यावर आकाश बघायला कधी यायचं ते, आणि तिसऱ्यावर चंद्राचा एक फोटो (किंचित हललेला; हलला तो चंद्र नव्हे, फोटो काढणारे अध्यक्ष). ही पानं मंडळाच्या चिटणीस मुलीने एका रविवारी दुपारी बसून बनवली. ती भौतिकशास्त्राची पदवीधर. चष्म्याच्या दुकानात भिंगं तपासायचं काम करते, आणि तिला एक वाईट खोड आहे: हातात घेतलेलं काम ती संपवते. मंडळात असं पूर्वी कोणी केलेलं नसल्यामुळे त्यापुढे काय करायचं याची घटनेत तरतूद नव्हती. तरतूद एवढीच होती की अध्यक्षांच्या सहीशिवाय मंडळाने काहीही घ्यायचं नाही.

चिटणीसला घाई होती, कारण धूमकेतू आला होता. रोज सूर्य मावळला की पश्चिमेला, छपरांच्या जरा वर, तो नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. थोड्याच दिवसांत तो जाणार होता, आणि गेल्यावर परत यायला त्याला काही हजार वर्षं लागणार होती. घाईचं दुसरं कारण खालच्या मजल्यावर राहत होतं. दुर्बीण मंडळाची असली तरी गच्ची दातांच्या डॉक्टरांची होती. त्यांनी चिटणीसला जिन्यात गाठून स्पष्ट सांगितलं होतं, "हे बघ बाई, या धूमकेतूला तरी वर माणसं आली तर गच्ची तुमची. नाही आली तर मी सोलर पॅनल बसवतो. सूर्यही आकाशातलाच आहे, तेव्हा तुमच्या मंडळाची हरकत नसावी."

माणसं यायची तर त्यांना कळायला हवं, आणि कळायचं तर वेबसाइट हवी. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. म्हणून बैठक बोलवावी लागली.

बैठकीला तज्ज्ञ म्हणून अध्यक्षांच्या पुतण्याला बोलावलं होतं. तो संगणकातला आहे आणि त्याला सगळे डिपेंडदादा म्हणतात. ही पानं कोणत्या संगणकावर ठेवायची, असं विचारल्यावर तो म्हणाला, "ते डिपेंड करतं." कशावर? "तेही डिपेंड करतं." फारच खनपटीला बसल्यावर त्याने सांगितलं, की मार्ग दोन आहेत. पहिला शेअर्ड होस्टिंगचा. एका मोठ्या संगणकावर शेकडो वेबसाइटी दाटीवाटीने राहतात, झाडलोट मालक करतो, पण शेजाऱ्याकडे पाहुणे फार झाले की आपल्या नळाचं पाणी जातं. दुसरा व्हीपीएसचा, म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हरचा. तसल्याच संगणकात भिंती घालून केलेली स्वतंत्र खोली. नळ आपला, किल्ली आपली, आणि मोरी तुंबली की आत घालायचा हातही आपलाच.

"तीन पानांना पहिला रग्गड झाला," चिटणीस म्हणाली.

"आणि एकदम दहा लाख लोक आले तर?" अध्यक्षांनी विचारलं. अध्यक्ष हे तिच्या मावशीचे यजमान, म्हणजे तिचे काकाच. त्यामुळे तिला हसता आलं नाही.

मंडळाच्या अधिकृत अंदाजानुसार वेबसाइटवर रोज येणारी माणसं अशी: अध्यक्ष, अध्यक्षांची बहीण (अध्यक्षांनी फोन केल्यावर), आणि चिटणीस (चालू आहे का ते बघायला). हा आकडा दहा लाखांच्या आत आहे हे सभेने मोठ्या मनाने मान्य केलं. पण सरासरी म्हणजे कमाल नव्हे, हे विज्ञानाच्या विद्यार्थिनीला तरी कळायला हवं होतं. शिवाय दहा लाख लोक वेबसाइटवर आले की ते गच्चीवरही येणार, आणि जिना तर अरुंद. तेव्हा जिना रुंदीकरण उपसमिती नेमण्यात आली. तिने जिन्याची पाहणी करून शिफारस केली, की जनतेने एकेक करून, उतरणाऱ्याला वाट देत यावं. (ही शिफारस मंडळाच्या इतिहासातली सर्वांत व्यवहार्य मानली जाते.)

त्या संध्याकाळी धूमकेतू कालच्यापेक्षा थोडा खाली होता. चिटणीसने तो एकटीने बघितला.

खरी अडचण पुढेच होती. काका आयुष्यभर कचेरीत भाषांतरकार होते आणि परका शब्द त्यांच्या तावडीतून कधी जिवंत सुटला नव्हता. होस्ट म्हणजे यजमान आणि सर्व्हर म्हणजे सेवक, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. पुढच्या बैठकीची सूचना त्यांनी स्वतः लिहिली आणि सभासदांच्या घरोघर पाठवली: "विषय: मंडळाने सामायिक यजमान करावा, की आभासी खाजगी सेवक ठेवावा."

मावशी मंडळाच्या बैठकीला कधी फिरकलेली नव्हती. या बैठकीला ती सर्वांआधी आली.

"सामायिक म्हणजे कोणाकोणात सामायिक?" तिने बसायच्या आधीच विचारलं.

"शेकडो जणांत," डिपेंडदादा प्रामाणिकपणे म्हणाला.

"इथे माझ्या एकटीच्या वाट्याला आलेत तरी पुरत नाहीत. हाक मारली तर चौथ्या हाकेला ओ देतात."

"त्याला लेटन्सी म्हणतात, काकू."

"जेवण झालं की दुपारभर बंद."

"डाउनटाइम."

"आणि घरात चार जण एकदम बोलायला लागले की ह्यांना काही सुचत नाही. नुसते बघत बसतात."

"लोड झेपत नाही, काकू. मेमरी कमी पडते."

"ते तर मी लग्नाचा वाढदिवस आला की दरवर्षी बघते. बरं, आणि हे आभासी म्हणजे काय रे?"

"म्हणजे आहे असं वाटतं, पण खरं तर तिथे नसतो."

मावशीने काकांकडे सावकाश पाहिलं. "मग तोही आहे माझ्याकडे."

चिटणीसने दुर्बिणीच्या नळीला तोंड लावलं. दिवसा तिच्यातून काही दिसत नाही, पण हसू आत राहतं. इतिवृत्तात मात्र नोंद व्यवस्थित झाली: "सौ. अध्यक्षांनी दोन्ही पर्यायांची स्वानुभवावर आधारित तुलना सादर केली. सभा त्यांची ऋणी आहे."

यजमान बाद झाला. नवा शब्द शोधायला भाषा उपसमिती नेमली गेली (अध्यक्ष, सदस्य आणि विशेष निमंत्रित: काका). तिने आधी "आश्रय" हा शब्द सुचवला. "मंडळास सामायिक आश्रय हवा आहे" असं जिन्याखाली लिहिलं, तर सकाळी तिथे तीन-चार घोंगड्या, एक स्वेटर आणि झाकण नसलेली किटली येऊन पडली. मंडळाने रीतसर पोच दिली आणि शब्द मागे घेतला. मग काकांना "बिऱ्हाड" सुचलं. शब्द इतका घरचा, इतका गोड, की त्यांना राहवेना. त्यांनी तो मोठ्या अक्षरांत लिहून स्वतः फाटकाला चिकटवला: "सामायिक बिऱ्हाड की स्वतंत्र खोली? आज संध्याकाळी गच्चीवर निर्णय. इच्छुकांनी यावे."

इच्छुक आले.

नवीन लग्न झालेलं जोडपं आलं, नर्सबाई आल्या, गादीची वळकटी खांद्यावर घेऊन एक ट्रकवाला आला, आणि मालकाशी भांडून निघालेलं एक अख्खं कुटुंब आजीसकट आलं. जिना खालपासून वरपर्यंत भरला. सूर्य नुकताच मावळला होता. काका आनंदाने थरथरत म्हणाले, "बघा! होस्टिंगबद्दल जनतेत केवढी जागृती आहे!"

"खोली कुठाय?" नर्सबाईंनी धापा टाकत विचारलं.

"खोली नाही," चिटणीस म्हणाली. खोटं बोलणं तिला कोणी शिकवलं नव्हतं. "धूमकेतू आहे. बघता?"

"भाडं?"

"नाही."

"घरमालक कटकट्या आहे का?"

"मालकच नाही."

"मग दाखवा."

नर्सबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला आणि तो बराच वेळ हलवलाच नाही. उतरताना त्या प्रत्येक पायरीवर थांबून सांगत गेल्या, "खोली-बिली सगळं झूट आहे हो, पण आलाच आहात तर वर जाऊन बघाच." रांगेतून कोणी हललं नाही. ट्रकवाल्याने वळकटी पसरून त्यावर आजींना बसवलं. नवरा बायकोला म्हणाला, "इथेच राहिलो तर?" ती म्हणाली, "छप्पर कुठाय?" तो म्हणाला, "तेच तर!" आणि दोघं वेड्यासारखी हसत सुटली.

दातांचे डॉक्टर मास्क हनुवटीवर ओढून वर आले. जिना बघितला, गच्ची बघितली, मग रांग मोडून धूमकेतूही बघितला. "दात ठणकत असतानाही माझ्याकडे इतकी माणसं येत नाहीत," ते म्हणाले. "जाऊ दे. पॅनल मी मागच्या पत्र्यावर बसवीन." चिटणीसने त्यांचा हात दोन्ही हातांत धरून इतका हलवला की त्यांना त्या दिवशी पुढचा दात काढता आला नाही.

मंडळाने या प्रकाराची गंभीर दखल घेतली. कोणत्याही सर्व्हरशिवाय एवढे लोक एका ठिकाणी जमवण्यात आले होते. वापरलेल्या तंत्राची (कागद, डिंक, फाटक) कोणतीही चाचणी झालेली नव्हती. पाऊस आला असता तर बॅकअप नव्हता. असं पुन्हा घडू नये म्हणून वेबसाइटचा निर्णय तातडीने घ्यायचं ठरलं आणि केवळ चार बैठकांत तो घेतलाही गेला: शेअर्ड होस्टिंग. (कारण म्हणून "काकू म्हणाल्या" एवढीच नोंद आहे.) काकांनी सही केली आणि पाणी उकळून चहा होईपर्यंत चिटणीसने पानं चढवली. मग ती गच्चीवर गेली. पश्चिमेला काही नव्हतं.

तिने चौथं पान जोडलं आणि त्यावर धूमकेतूचा फोटो लावला. आणि गंमत म्हणजे माणसं खरंच लोटली. साध्या, दाटीवाटीच्या होस्टिंगने एकदाही कुरकुर न करता सगळ्यांना आत घेतलं. सगळ्यांचा निरोप मात्र एकच, आणि रागाचा: "आम्हाला आधी का नाही कळवलंत?"

चिटणीस शिस्तीची आहे. ती प्रत्येकाला न चुकता उत्तर पाठवते: "इतके दिवस तो तुमच्याच छपरावर होता." तुमच्या निरोपाचं उत्तर अजून आलं नसेल तर स्पॅममध्ये शोधा. वर बघू नका, आता तिथे काही नाही.