काजं-बटणं राहिलेला रिपोर्ट

फुप्फुसात काय शिजतंय हे सगळ्यात आधी रक्ताला कळतं, मग बायकोला, आणि ज्याचं फुप्फुस त्याला सर्वांत शेवटी. विज्ञानाने अलीकडे यातल्या पहिल्या साक्षीदाराची दखल घेतली आहे. (दुसरीचा प्रस्ताव विचाराधीन आहे.)

नवी चाचणी अशी : कर्करोग छातीत बस्तान मांडण्याच्या बेतात असला, की रक्तपेशींतली काही जनुकं एकाएकी बडबडू लागतात आणि काही मिठाची गुळणी धरून बसतात. कोण बोलतंय, कोण गप्प आहे, यावरून रोगाचा अंदाज बांधायचा. शिवणकाम करणाऱ्या काकूंना हे ताबडतोब समजलं. सासरच्या माणसांचा अंदाज बांधायला त्यांनी दुसरं काय केलं होतं?

काकांनी तीस वर्षं सिगारेट ओढलेली. जिन्याच्या वळणावर खोकत थांबायचे आणि म्हणायचे, "इथला बल्ब कुणी बदलत नाही." शेवटी काकूंनी त्यांना दंडाला धरून लॅबमध्ये नेलं. काकांनी रक्त दिलं आणि त्या घडीपासून सिगारेट बंद केली.

रक्त तर नळीतून केव्हाच पुढे गेलं होतं. पेपर देऊन आल्यावर अभ्यासाला बसण्यातला हा प्रकार; पण "निकाल लागेपर्यंत नीट वागलेलं बरं," असं काकांचं म्हणणं पडलं. खोकला कमी झाला. जिन्यातला बल्बही त्यांना पुरेसा वाटू लागला.

रिपोर्ट काकूंच्या फोनवर आला : काळजीचं चिन्ह नाही, वर्षभराने पुन्हा तपासा. शिलाई मशीनपाशी बसून त्या थोडं रडल्या. मग त्यांना मागचा एक्स-रे आठवला. तोही स्वच्छ निघाला होता, आणि त्या आनंदात काकांनी अख्खं पाकीट संपवलं होतं.

"अगं, आला का रिपोर्ट?"

"तयार आहे म्हणे, अहो. नुसती सही राहिलीय."

गिऱ्हाइकाला 'नुसती काजं-बटणं राहिलीत' असं सांगण्यात काकूंची हयात गेली होती. (कापड तेव्हा पिशवीतच असतं.)

सही राहून आता सहा महिने झाले. वर्ष भरलं की 'पुन्हा रक्त मागितलंय' असं सांगायचं ठरलेलं आहे. "वेळ घेतायत म्हणजे काम चोख असणार," असं शेजाऱ्यांना ऐकवत काका न थांबता जिना चढतात. चाचणीच्या अचूकतेबद्दल तज्ज्ञांत मतभेद असतील. न आलेल्या रिपोर्टचा गुण मात्र शंभर टक्के (नमुना : एक नवरा).

ही गोष्ट तुम्ही काकांच्या कानावर घालणार नाही, याची काकूंना खात्री आहे. तुमच्या घरचेही तसे पोटात ठेवणारेच निघाले. मागे तुम्ही रक्त दिलं होतं, त्याचा रिपोर्ट अजून लॅबमध्येच आहे ना?

सही राहिली असेल.