जाळीची, पट्ट्यांची आणि सपाट पाठीची

शंकरभाऊ कामशेतच्या बाजारात प्लास्टिकची खुर्ची डोळे मिटून घेतात. हे मी स्वतः पाहिलं आहे. दुकानाबाहेर एकात एक घातलेल्या खुर्च्यांची चळत असते. भाऊ तिच्यापुढे उभे राहतात, डोळे मिटतात आणि एकेका खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवतात. मग मान हलवतात, "ही न्हाई."

तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "भाऊ, खुर्ची घ्यायचीय का सून बघताय?"

"सून बगताना एवडं बगितलं न्हाई," भाऊ म्हणाले, "म्हनून आता बगतोय."

भाऊ माझे शेजारी. नाव बदललं आहे आणि गावाचं नाव सांगत नाही. वय बहात्तर. घर तीन खोल्यांचं, माणसं दोनच, ते आणि त्यांची बायको, इंदूमावशी. खुर्च्या चौदा. आणि या चौदांतल्या एकीवरही पाहुण्याला बसता येत नाही. पाहुण्याला सतरंजी.

"भाऊ, ही तर रिकामीच आहे," मी एकदा म्हणाले.

"रिकामी न्हाई. कामावर हाय ती."

काय काम, ते सांगितलं नाही.

मला याद्या करायची सवय आहे. शाळेच्या कार्यालयात वीस वर्षं तेच केलं. भाऊंच्या मुलाला, सतीशला, हे ठाऊक आहे. तो तळेगावला राहतो, आंबीच्या कारखान्यात आहे. दर रविवारी येतो आणि आई-वडिलांना म्हणतो, आता माझ्याकडे चला. मावशी म्हणतात, "तिसऱ्या मजल्यावर? तितं दार लावलं की मानूस हाय का गेलं, कळत न्हाई."

एका रविवारी सतीशने मला कुंपणापाशी गाठलं. "ताई, बाबांचं काहीतरी बिघडतंय. विचित्र काय काय करतात, ते लिहून ठेवाल? डॉक्टरांना दाखवतो. त्यांनी तसं म्हटलं, तर मग कुणाचं ऐकणार नाही, दोघांनाही घेऊन जाणार."

मी लिहायला घेतलं. मोरीच्या दाराशी एक खुर्ची, तोंड भिंतीकडे. पडवीपासून तुळशीपर्यंत चार, एकामागे एक, एसटीची वाट बघत असल्यासारख्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी दोन तडकलेल्या, एकीत एक बसवून त्यांची एक केलेली. नवी का घेत नाही, तर "ह्या ठशाची आता मिळत न्हाई." कोणतीही खुर्ची वीतभर सरकली की भाऊ उठून ती जागेवर आणतात. शिवाय घरात शिरणाऱ्या प्रत्येकाची दवंडी. "इंदे, ताई आल्यात. पोपटी साडी. हातात वाटी हाय." मी मावशींच्या पुढ्यात उभी असताना.

यादी पान भरून झाली, पण तिचा अर्थ लागेना. याच माणसाला विजेचं बिल, गॅसचा नंबर, कोणत्या खाचरात कोणता भात, सगळं तोंडपाठ. वेडा माणूस असा नसतो. शहाणा असा असतो का, तेही सांगता येईना.

मागच्या महिन्यात भाऊ गिरणीतून तांदूळ आणायला गेले होते. मी गेले तर मावशी पडवीत कॉटवर एकट्याच. मला तो पसारा बघवेना. पदर खोचला.

"मावशी, जरा नीट लावून देते."

"ऱ्हाऊ द्या ताई. ह्यांना चालत न्हाई."

"त्यांना मी सांगते."

दहा मिनिटांत चौदा खुर्च्यांच्या दोन चळती कोपऱ्यात लागल्या. घर कसं मोकळं दिसायला लागलं. मावशी म्हणाल्या, "चहा ठेवते," आणि उठल्या.

दोन पावलं गेल्या. उजवा हात बाजूला झाला, कमरेच्या जरा वर, आणि तिथे काहीच नव्हतं. हात तसाच पुढे पुढे गेला. मग त्या मागे वळल्या, तर कॉटही सापडेना.

"ताई," त्या हळू म्हणाल्या, "मी कुटं हाय?"

मी धावले आणि त्यांचा हात धरला. तेवढ्यात दारात भाऊ, खांद्यावर पोतं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी पोतं खाली ठेवलं. "इंदे, मी आलो. हायेस तितंच थांब."

चळतीतून ते एकेक खुर्ची काढायला लागले. मीही लागले. प्रत्येक खुर्ची ठेवली की ते स्वतः डोळे मिटायचे आणि हात लांब करून बघायचे, पोचतो का.

"जाळीची मोरीची," ते मला सांगत होते. "पट्ट्यांची सैपाकघराची. सपाट पाठीची तुळशीकडं. तिच्या हाताला कळतं."

मावशींना काचबिंदू. तीन वर्षं झाली. आता फक्त उजेड तेवढा कळतो. डॉक्टर झाले, औषधं झाली. गेलेली नजर परत येत नाही.

"सतीशला का नाही सांगत?"

"सांगितलं की त्यो तिला नेऊन वर बशिवनार. तितं ती नुसती बसंल. हितं सैपाक करती, तुळशीला पानी घालती."

"पण भाऊ, लोक तुम्हाला वेडा म्हणतात."

"म्हनू द्या की. येड्याच्या बायकोकडं कोन बगत न्हाई."

आतून मावशींनी विचारलं, "ताई, साखर कमी का जास्त?"

रविवारी सतीश येऊ शकला नाही, म्हणून फोन आला. "ताई, यादी झाली?"

मी सगळी वाचून दाखवली.

"मग? तुम्हाला काय वाटतं?"

"खुर्च्यांचं वेड आहे. असतं एखाद्याला. बाकी डोकं ठणठणीत आहे."

"आणि आई?"

एवढं पानभर लिहिलं, पण त्यात मावशींबद्दल एक ओळही नव्हती. मुलापासून हे लपवायचा मला काय अधिकार, असंही वाटलं. उद्या त्या पडल्या तर काय, असंही वाटलं.

"आई आहेत बऱ्या," मी म्हणाले. "आत्ता चुलीपुढे असतील."

"आई मजेत आहे ना, मग झालं," तो म्हणाला. त्याच्या आवाजावरून त्याला इतकं बरं वाटल्याचं कळत होतं की मी फोन ठेवला, तरी हात बराच वेळ त्याच्यावरच राहिला.