मास्तरांच्या खिशातला कापूर

वानखडे मास्तर शाळेत यायचे तेव्हा आधी कापराचा वास यायचा, मग मास्तर. सदऱ्याच्या खिशात बाराही महिने कापराची पुरचुंडी. कोणी म्हणे दमा आहे, कोणी म्हणे करणीला भितात. मी विचारलं तर म्हणाले, "शास्त्र हाय ते. तुमी मराठीवाले, तुमाले नाही समजनार." शाळेत मराठी शिकवणारा मी एकटाच!

महाराष्ट्र नुकताच झाला होता अन् मी सुलतानपूरहून नवाच वरवट बकालच्या शाळेत लागलो होतो. मास्तर विज्ञान शिकवायचे, पण वेड एकच, डोळ्याची नस. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं होतं की बेडकाची नस तोडून डोळा उलटा फिरवून बसवला, तर नस पुन्हा वाढली अन् मेंदूत थेट आपल्या जुन्याच जागी जाऊन भिडली. त्यामुळे माशी वर बसली की बेडूक जीभ मारायचा खाली.

"उपाशी राह्यला बिचारा, पन नस चुकली नाही!" मास्तर मांडीवर थाप मारायचे. "आईच्या पोटातबी असंच होते. डोळ्यातून लाखो धागे निंघतेत. हरेक धागा वाटेत याले चिकटून पाह्यते, त्याले चिकटून पाह्यते. जुळलं त थांबा, नाही त पुढं!"

हे 'जुळलं त थांबा' बाजारात वांगी घेतानाही चाले अन् कुणाच्या पोरीला स्थळ बघतानाही.

एकदा तपासणीला साहेब आले. मास्तरांनी आम्हा शिक्षकांनाच कामाला लावलं. निम्मे डोळा, निम्मे मेंदू. डोळेवाल्यांच्या डोळ्यांवर पट्टी अन् हातात वासाची चिंधी. कुणाला हिंग, कुणाला रॉकेल, मला कांदा. समोरच्या मेंदूवाल्यांच्या रांगेत आपल्याच वासाची चिंधी धरलेला माणूस हुंगून शोधायचा अन् त्याचे हात धरायचे.

मी नाक वर करून निघालो. रॉकेल गेलं, हिंग गेला, अन् कांद्याचा असा झणझणीत भपका आला की मी त्या माणसाला कवटाळूनच ओरडलो, "जुळलं!"

कोणी हसेना. पट्टी काढली तर मिठीत साहेब! हेडमास्तरांकडे झुणका-भाकरीबरोबर दोन कांदे बुक्कीनं फोडून खाऊन आलेले.

"पाहा साहेब," मास्तर आनंदानं म्हणाले, "धागा नाही चुकला. मेंदूच भलत्या जागी उभा हाय!"

साहेब हसले म्हणून माझी नोकरी वाचली. पण मी भडकलो. संध्याकाळीच भांडायला मास्तरांच्या घरी गेलो. ते बाजारात गेले होते. वहिनी अंगणात बसल्या होत्या. आवाजावरून त्यांनी तोंड वळवलं, पण डोळे माझ्या पलीकडेच कुठंतरी लागलेले. मी चपापलो. स्वयंपाकघराच्या चौकटीला हिंगाची चिंधी होती, विहिरीच्या खांबाला ओव्याची.

"ह्यायनंच बांधल्या," वहिनी म्हणाल्या. "तापात माह्या डोळ्याच्या नसा गेल्या, भाऊजी. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं, बेडकाची वाढते, मानसाची नाही वाढत. मले समजलं. ह्यायले नाही समजत. मासिक आलं का वाचून दाखवतेत, म्हनतेत थांब, निंघनच काही तरी."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"हाव म्हनतो. नाही म्हटलं त ह्यायनं कोनापाशी जाव?"

तेवढ्यात मास्तर फाटकात आले. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, चपला काढल्या अन् मांजरासारखे अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. रोजचाच खेळ असावा. वहिनींनी मान जरा वर केली, उठल्या, तुळशीला वळसा घालून सरळ चालत गेल्या. हात बरोबर कापराच्या खिशावर पडला.

भांडण कुठल्या कुठं गेलं.

"जुळलं," वहिनी हसून म्हणाल्या.

"मंग थांब," मास्तर म्हणाले, अन् तो हात त्यांनी तिथंच धरून ठेवला.