भिंतीतले दात

ज्या दिवशी सगळं लास पाल्मितास गाव रुतिलियोच्या घराच्या भिंती लिंपायला जमलं, त्या दिवशी त्याचा होणारा सासरा कातालिनो भेट म्हणून सिमेंटचा एक ब्लॉक घेऊन आला. लाल फीत बांधून. तो त्याने अंगणाच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेच लागेल असा ठेवला आणि स्वतःसाठी खुर्ची मागवली.

"हा नमुना," तो म्हणाला. "याचे भाऊबंद ट्रकमध्ये भरून ठेवलेत. भिंती बसल्या की हाक मारा."

कातालिनोशेठचं गावात सिमेंटचं दुकान होतं. त्याच्या ब्लॉकची घरं दुपारी भट्टीसारखी तापायची, आणि मग पंखे विकत घ्यायलाही लोक त्याच्याच दुकानात जायचे. रुतिलियो राजधानीत बांधकामावर राबून आला होता. ब्लॉकच्या खोल्यांमध्ये इतका शिजला होता, की परत येताच त्याने ठरवलं, घर आजोबांच्या पद्धतीने बांधायचं. नदीकाठच्या वेताचा सांगाडा, परसातली माती आणि भाताचं काड.

"ट्रक नको, कारखान्याचा धूर नको," तो म्हणायचा. "शंभर वर्षांनी पडलंच, तर माती परत परसात."

"शंभर वर्षं? पहिल्या पावसात माझी पोरगी भिंतीसकट नदीला लागेल!" असं म्हणून शेठने अट घातली होती. घर वाळलं की पाद्रीबाबा आशीर्वाद द्यायला येतील, तेव्हा तो सगळ्यांसमोर आपलं मत सांगणार. हो म्हणाला तर लेक या घरात नांदेल. नाही म्हणाला तर ट्रक अंगणात रिकामा होईल आणि लग्न ब्लॉकचं घर उभं राहीपर्यंत थांबेल. त्या लेकीला, नेरेइदाला, बापही हवा होता, रुतिलियोही आणि गार घरही. यातलं काहीही सोडायची तिची तयारी नव्हती.

अंगणातल्या खड्ड्यात चिखल तयार होत होता. एकमेकांच्या कमरेला हात घालून, ढोलाच्या तालावर बायका-पुरुष तो तुडवत होते. खड्ड्यावर राज्य गावभराच्या चेपाआत्याचं. तिच्या तोंडात एकही दात नव्हता, पण त्यामुळे तिची जीभ काही अडत नसे.

"काय रे कातालिनो, खुर्चीला चिकटलास? तरुणपणी तुझी आरोळी नदीपलीकडे जायची. आता घशात सिमेंट बसलं की काय?"

आमच्याकडे चिखल आरोळीशिवाय तुडवला जात नाही. लांबलचक, गळ्यात घोळवलेली ती सालोमा ऐकली की पाय आपोआप उचलले जातात, आणि कातालिनोसारखी सालोमा पंचक्रोशीत कुणाची नव्हती. तो डिवचला गेला. त्याने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, खड्ड्यात उतरला, मान मागे टाकली आणि आकाश फाटेल अशी आरोळी ठोकली.

आरोळी बाहेर पडली आणि तिच्यामागोमाग वरच्या दातांची कवळीही.

कवळी आहे हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. "साठी उलटली, पण एक दात हलला नाही," असं तो दुकानात गिऱ्हाइकांना ऐकवायचा. ती बसवायला राजधानीत गेला, तेव्हाही सिमेंटचे भाव बघायला चाललोय म्हणून सांगून गेला होता. आता ती चिखलात पडली होती आणि तिच्यावर सगळा गाव नाचत होता.

त्याने तोंड गच्च मिटलं, वाकला आणि दोन्ही हातांनी चिखल चाचपू लागला.

"अरे बघा, शेठने हातही घातले!" कुणीतरी ओरडलं.

तो एक गोळा उचलायचा, दाबून बघायचा, आणि तेवढ्यात कुणीतरी तो त्याच्या हातातून ओढून वेताच्या सांगाड्यावर थापायचं. "वा शेठ! काय मळलाय! आणखी द्या!" जितक्या घाईने तो शोधत होता, तितक्या झपाट्याने भिंती चढत होत्या. संध्याकाळ व्हायच्या आत घर लिंपून झालं. त्या दिवशी सगळ्यात जास्त काम कुणी केलं असेल, तर ते सिमेंटवाल्याने.

जेवणाला डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे होते. ते त्याचा जीव की प्राण. त्याने ताट परत केलं.

"आता तरी बोल, घर कसं झालं?" चेपाआत्याने विचारलं.

"म्म्," कातालिनो म्हणाला आणि हाताने खूण केली, नंतर, नंतर.

"भारावलाय बिचारा," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून शेठ दाढदुखीच्या नावाखाली तोंडाला रुमाल बांधून दुकानात बसू लागला, आणि भर दुपारी दुकान बंद करून रिकाम्या घरात जाऊ लागला. भिंतीला कान लावायचा, टकटक करायचा, तळहात फिरवत फिरवत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायचा.

"तुझे बाबा भिंती कुरवाळतायत," रुतिलियो नेरेइदाला म्हणाला.

"शक्यच नाही. त्यांनी आईलाही कधी कुरवाळलं नाही."

मग भिंतींना भोकं दिसू लागली. रुतिलियो ती बुजवायचा, दुसऱ्या दिवशी बाजूला नवी.

"हे उंदराचं काम नाही," तो चिडला. "उंदीर स्क्रू-ड्रायव्हर वापरत नाही. तुझा बाप घर पाडायला निघालाय!"

नेरेइदा तणतणत बापाला रंगेहाथ पकडायला गेली. बाप जमिनीवर आडवा पसरून घोरत होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत माठातल्या पाण्यासारखा गारवा होता. रुमाल घसरला होता, तोंड सताड उघडं होतं. त्या तोंडात तिने एकदा पाहिलं, मग भिंतीतल्या भोकांकडे पाहिलं. बापाला न उठवता ती तडक चेपाआत्याच्या घरी गेली. तिथून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

आशीर्वादाच्या दिवशी सगळं गाव लोटलं, हातात मक्याच्या पेयाचे पेले आणि कुरकुरीत कातडीची ताटं घेऊन. ट्रक फाटकाशी उभाच होता. पाद्रीबाबा खोलीखोलीतून पाणी शिंपडत निघाले. निजायच्या खोलीत भिंत वाळून थोडी तडकली होती; तिथे पाणी पडलं, मातीचा पापुद्रा गळाला आणि भिंत पाद्रीबाबांकडे बघून हसली.

बाबांनी घाईने क्रूसाची खूण केली. "कुणाचे आहेत हे?"

कातालिनो एक पाऊल पुढे आला. सगळा गाव बघतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो तिथेच थबकला.

"माझे!" चेपाआत्या म्हणाली.

"आत्या, तुम्हाला दात होते?"

"होते म्हणून तर हरवले."

तिने सुरीने कवळी उकरून काढली, मक्याच्या पेयात विसळली आणि तोंडात बसवली. जरा सैल होती; तिने ती अंगठ्याने वर दाबून धरली, ताटातला कातडीचा तुकडा उचलला आणि चावला. कुर्रम. कातालिनोच्या अंगावर काटा आला.

"घर झकास आहे," आत्या त्याच्याच दातांनी म्हणाली. "भिंती कशा दगडासारख्या झाल्यात. तुझं काय मत, कातालिनो?" आणि दुसऱ्या तुकड्याकडे हात नेला.

कातालिनोने जोरजोरात मान हलवली. हो, हो, हो. टाळ्या वाजल्या, ढोल सुरू झाला.

मागच्या दारी आत्याने कवळी धुऊन त्याच्या हातावर ठेवली. शेजारी नेरेइदा उभी होती. तिला हसू येत होतं आणि रडूही.

"बाबा, असा होकार मला नको. आता दात आहेत. नाही म्हणायचं असेल तर म्हणा, मी ट्रक आत घेते."

कातालिनोने दात बसवले, जबडा हलवून पाहिला आणि आत गेला. ढोल थांबला. शेठ निजायच्या खोलीत त्या भोकासमोर जाऊन उभा राहिला आणि भिंतीवर हात ठेवला.

"हे भोक मातीनेच बुजवा," तो म्हणाला. "सिमेंट लावलंत तर पापुद्रा धरून निघेल. मी विकतो, मला माहीत आहे." मग लेकीकडे न बघता म्हणाला, "चांगलं आहे घर. माझ्या घरापेक्षा बरं आहे."

नेरेइदा त्याच्या गळ्यातच पडली. रुतिलियोचेही डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला हा माणूस मनापासून आवडला.

"आणि इथे, याच निजायच्या खोलीत," तिच्या खांद्यावरून हात काढून कातालिनो म्हणाला, "दोन दणकट खुंट्या ठोकून घे, जावईबापू. माझा झुला बांधायला. जेवण झालं की रोज येत जाईन. रविवारी सकाळपासूनच येईन."

नेरेइदाने रुतिलियोकडे पाहिलं. रुतिलियो खिडकीतून फाटकाशी उभ्या असलेल्या ट्रककडे बघत होता.

"तेवढे ब्लॉक," त्याने हळूच विचारलं, "अजून मिळतील का हो?"