क्वामिनामामांच्या छातीतली टिकटिक

आमच्या सॉल्टपाँड बंदराच्या बाजारात खिशातली विलायती घड्याळं आली तेव्हा, फुशारकी म्हणून सांगत नाही, पण पहिल्याच आठवड्यात घेणारा मी! पाच शिलिंगांत साहेबी थाट. पुढे मासेवाल्यांच्या कमरेलाही साखळ्या लोंबायला लागल्या, पण तोवर माझं नाव झालं होतं. वेळ बघायची होती कुणाला? साखळी दिसली की पुरे.

अशात माझे क्वामिनामामा वारले. आमच्यात मामाचं सगळं भाच्याकडे येतं. म्हणजे तीन होड्या आणि समुद्राकडचं घर माझं. फक्त दफनानंतर घराण्यातल्या वडीलधाऱ्यांनी वारस म्हणून माझं नाव घ्यायचं, एवढंच बाकी होतं. सकाळी मी स्वतः मामांना रेशमी वस्त्र नेसवलं, चापूनचोपून बसवलं आणि उशाशी ऐटीत उभा राहिलो.

एकेक जण वाकून मामांच्या कानात वर गेलेल्यांसाठी निरोप सांगत होता. एफुआमावशी वाकली.

"आईला म्हणावं, माझे गुडघे..." एवढं बोलून ती थांबली. तिने कान मामांच्या छातीला लावला आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. ती मला म्हणाली, "एबो, याचं काळीज चालू आहे."

मामांनी मला साध्या उलट उत्तरासाठी वल्ह्याने बडवलं होतं. जिवंतपणी पुरायला काढलं म्हटल्यावर काय करतील? मीही कान लावला. टिक टिक टिक. ठोके भलतेच घाईचे होते. मामा चिडलेत, याची मला खात्रीच पटली.

भीतीने कमरेची साखळी घट्ट धरली, तर टोकाला घड्याळच नाही! वस्त्र बसवताना आत घसरलं होतं.

सांगायला तोंड उघडलं, तर घराण्यातले सगळ्यात वडील, म्हातारे अँपिया, मागे कुजबुजत होते की वारसाला भारीच घाई दिसते. मग मी डोळे मिटून सरळ वस्त्रात हात घातला. छाती गारठलेली. बोटांना घड्याळ लागलं, आणि त्याच क्षणी टिकटिक थांबली.

"काळीज दाबलं याने," मावशी म्हणाली.

"मावशी, हे वाजत होतं, हे बघ!" मी घड्याळ बाहेर काढलं. तिने कानाला लावलं. मी किल्ली फिरवली, हलवलं, तळहातावर आपटलं. अँपियांनी ऐकलं, मग रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. घड्याळ मुकाट.

"हे तर बंद आहे," अँपिया म्हणाले आणि माझ्यापासून दोन पावलं मागे सरकले.

होड्या आणि घर माझ्या धाकट्या भावाला मिळालं. हल्ली गावात कुणी आजारी पडलं, की वैद्याच्या आधी माणूस माझ्याकडे येतो. एबो, तू बाहेरगावी कधी जातोस, म्हणून विचारतो.