मयूरपंख बरा की रानरेशीम?

एका जंगलात, मुलांनो, एक चांगला चित्रकार होता. आता नाही. मेलाबिला नाही तो; धडधाकट आहे, उलट पोट सुटलंय. चित्रकाराचा तो थोर पुरुष कसा झाला, त्याची ही गोष्ट. चुळबुळ न करता ऐका.

त्याचं नाव प्रभंजन. जातीनं रानबोका. पाणवठ्याशेजारच्या कातळावर तो कोळशानं चित्रं काढायचा. ससा काढला, की खरे ससे येऊन त्याला हुंगायचे. एकदा त्यानं वाघ काढला, तर सांबरं पाणवठ्याकडे फिरकेनात. शेवटी शेपटानं पुसावा लागला.

त्याच जंगलात येसूमावशी नावाची म्हातारी वानरीण राहायची. तिचा नवरा वणव्यात गेला होता. आता तिची नजरही चालली होती. एके दिवशी ती चाचपडत कातळापाशी आली.

"प्रभ्या, आमच्या ह्यांचं एक चित्र काढून दे रे. अजून थोडं दिसतंय मला, तेवढ्यात बघून घेते. हल्ली तोंड आठवायला गेलं, की नुसता धूर आठवतो."

प्रभंजनला वानरदादा पक्के आठवत होते. ते त्याच्यासाठी वरच्या फांदीवरून जांभळं टाकायचे. बोके जांभळं खात नाहीत, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नव्हतं. ती मिश्कील भुवई आठवली आणि प्रभंजनचा पंजा शिवशिवला.

"उद्या देतो, मावशी."

आणि दिलंही असतं. पण त्याच संध्याकाळी जंगलात जेलखडू आले.

काय ते खडू! बूड पिरगाळलं, की लिपस्टिकसारखे वर येणारे. कागदावर लोण्यासारखे घसरणारे. ओलं बोट फिरवलं, की जलरंग होणारे. एक खोका मयूरपंख कंपनीचा, दुसरा रानरेशीमचा.

'मावशीचं चित्र कोळशानं कशाला?' प्रभंजनच्या मनात आलं. 'चांगल्या खडूंनी काढू. पण चांगला कुठला, ते आधी बघू.'

त्यानं कागदावर मयूरपंखची पट्टी ओढली. शेजारी रानरेशीमची ओढली. मयूरपंख मऊ, पण उन्हात बसकण मारायचा. रानरेशीम ताठ, पण टोक मोडायचं. त्यानं पट्ट्या बोटानं पसरल्या, पाण्यानं पुसल्या, काळ्या कागदावर उमटतात का पाहिलं.

धूर्जटी नावाचा कोल्हा तिथून चालला होता. तो थबकला.

"वा! काय करताय, बुवा?"

"खडू ताडून बघतोय. चित्र काढायचंय."

"चित्र काय, कोणीही काढतं!" धूर्जटी म्हणाला. "पारख करणारा विरळा. थांबा, चार जणांना बोलावतो."

चाराचे चाळीस झाले. चितळं आली, मोर आले, रानडुकरं तर कुटुंबासकट आली. प्रभंजननं पट्टी ओढली, की सगळे "अहाहा!" म्हणायचे. वाघ काढला होता तेव्हा ह्यांतलं कोणी "अहाहा" म्हटलं नव्हतं. सगळे पळाले होते. प्रभंजनला वाटलं, कला म्हणतात ती हीच.

येसूमावशी आली. "झालं का रे?"

"मावशी, रुपेरी रंगाचं अडलंय. मयूरपंखचा रुपेरी जरा राखाडीकडे झुकतो."

"अरे, तेही म्हातारपणी राखाडीकडेच झुकले होते. काढ की! तोंड काळं, अंग रुपेरी. दोन खडूंत मावेल माझा नवरा."

लोक हसले. "म्हातारीला खडूंतलं काय कळतंय!" एक रानडुक्कर म्हणालं. त्यानं जन्मात खडू धरला नव्हता. पंजाच नव्हता त्याला.

दिवस गेले. जंगलात दोन तट पडले. मयूरपंखवाले रानरेशीमवाल्यांना पाण्यावर येऊ देईनात. एका मोराचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण लांडोरीच्या माहेरी रानरेशीम वापरायचे. चित्र मात्र कोणाच्याच घरी नव्हतं. दोन्ही कंपन्या प्रभंजनकडे खोक्यांवर खोके पाठवू लागल्या. त्याच्यासाठी कातळावर गवताची गादी आली. तो आता "आमच्या मते" असं बोलू लागला.

मावशी मधूनमधून यायची. आधी एकटी यायची. मग नातसुनेचा हात धरून. मग एकदा आली ती थेट निवडुंगाला धडकली, तेव्हा सगळ्यांना कळलं, की डोळे गेले.

"प्रभ्या, दिसायचं तर राहिलं," ती म्हणाली. "पण काढलं असशील तर दे. उराशी धरून बसेन."

सगळे प्रभंजनकडे बघू लागले. त्याचे कान तापले. त्यानं घाईघाईनं कोरा कागद ओढला, खडू धरला, वानरदादांची भुवई आठवली आणि पंजा टेकवला.

पट्टी उमटली.

त्यानं पुन्हा टेकवला. शेजारी दुसरी पट्टी उमटली. पंज्याला वळणच आठवेना. बघता बघता कागद भरला. वरच्या ओळीत मयूरपंखच्या रुपेरी पट्ट्या, खालच्या ओळीत रानरेशीमच्या काळ्या. त्यानं तो तसाच मावशीच्या हाती दिला.

"घे मावशी. हुबेहूब आलेत."

मावशीनं कागदावर बोटं फिरवली. जेलखडूचा थर जाड असतो, मुलांनो, बोटाला कळतो. ती हळूहळू चाचपत गेली. वरून खाली. डावीकडून उजवीकडे.

"प्रभ्या, तोंड कुठंय रे ह्यांचं?"

प्रभंजनला वाटलं, खरं सांगून टाकावं. शब्द ओठांवर आलेसुद्धा. पण समोर सबंध जंगल बसलं होतं, आणि बुडाखाली गादी होती.

"मावशी, हात फिरवू नकोस," तो म्हणाला. "जेल लवकर वाळत नाही. पसरतं."

मावशीनं कागद खाली ठेवला. बोटं अंगाच्या केसांना पुसली. मग नातसुनेला म्हणाली, "चल गं," आणि निघून गेली.

तेवढ्यात मागून एक चितळ ओरडलं, "बुवा! पण पसरला कुठला?"

प्रभंजननं कागद उचलला. उजेडात तिरपा धरला. म्हातारीची बोटं जिथून फिरली होती, तिथं निरखून पाहिलं.

"रानरेशीम पसरला," तो गंभीरपणे म्हणाला. "मयूरपंख जागचा हलला नाही."

आणि अख्ख्या जंगलानं टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : नाचता येत असलं, तरी अंगणच मोजत बसावं. नाचणाऱ्याचा पाय कधीतरी चुकतो. मोजणाऱ्याला गादी मिळते. तेव्हा मुलांनो, खडू भरपूर जमवा, आणि कोणी चित्र मागितलंच, तर त्याचे डोळे जाईपर्यंत धीर धरा.